पहिल्या पेंडीचा मान

"मुळाले हात नोको लावू व पोरी, पानाले धर. मूळ रुसते. अन् पयली पेंडी पाहून घे, उभीसुदी, जाडजूड, मनात भरन अशी. ते कोपऱ्यातल्या मायीची. पयली जोमानं धरली का बांधी धरते."

आशाबाईचा हा आवाज गुणाबाईच्या कानाला चाळीस-बेचाळीस वर्षांमागे लागला, तो अजून उतरला नव्हता. नागभीडकडच्या गावात रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाणाऱ्या वीस बायांची आशाबाई ही म्होरकी. अंगानं काडी, पण गळा असा की शेताच्या या बांधावर, या धुऱ्यावर, सोडलेला शब्द त्या धुऱ्यावरच्या बगळ्याला उठवायचा. दहा वर्षांची गुणा पहिल्यांदा चिखलात उतरली, तेव्हा तिचं मनगट धरून आशाबाईनं हे दोन धडे दिले होते, आणि कंबर वर न करताच गाणं धरलं होतं:

पयली पेंडी रोवली व, कोपऱ्याच्या मायीसाठी,
मंग हात लावा बाई, उरलेल्या बांधीसाठी.

वीस जणींनी ते उचललं आणि पाण्यावर हिरव्या ओळी उमटत गेल्या. कोपऱ्यातली माय म्हणजे कोण, तिला ना देऊळ ना शेंदराचा दगड, हे गुणानं कधी विचारलं नाही. चुलीवरची पहिली भाकर गाईची, तशी पऱ्ह्यातल्या रोपांची पहिली जुडी, पहिली पेंडी, मायीची. त्यात विचारायचं काय?

पुढं नवरा मुखरू गेला. धानाचं शेत, ती बांधी, दिराच्या हाती राहिली. मुलगा हेमराज भद्रावतीच्या फॅक्टरीत लागला, त्याच्या मागे गुणाबाई तिथं आली आणि रोवणी सुटली. आता ती सकाळची एसटी पकडून चंद्रपूरच्या एका कॉलेजात यायची. वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीच्या फळीवर रोज नव्यानं बसणारी कोळशाची काळी भुकटी पुसायची, काचेची भांडी धुऊन पालथी घालायची, नळाखाली बादली ठेवायची. नेमणुकीच्या कागदावर तिचं काम एवढंच होतं. पण गेलं दीड वर्ष तिच्याकडे असं एक काम आलं होतं जे कोणत्याच कागदावर नव्हतं, आणि त्या कामासाठी ती एसटीत बसल्यापासून बोटं पुसत यायची.

ते काम खुशबूनं दिलं होतं.

खुशबू पीएचडी करत होती. तिशीही न गाठलेली, जाड भिंगांचा चष्मा, बोलायला लागली की दोन्ही हात हवेत. पहिल्या आठवड्यात गुणाबाईनं फरशी पुसता पुसता विचारलं होतं, "मॅडम, तू दिवसभर त्या डिशीत डोकं घालून काय करून राह्यली व?"

दुसरं कोणी असतं तर "प्रयोग" म्हणून मोकळं झालं असतं. खुशबू स्टूल ओढून बसली.

"बाई, धानाच्या मुळात बारीक बारीक घरं असतात. डोळ्यानं दिसत नाई इतकी बारीक. प्रत्येक घराले पडदा असते, अन् त्या पडद्यात पंप बसवले असतात."

"मोटार पंप?"

"तसेच समजा. पण पाणी नाई फेकत. प्रोटॉन फेकतात बाहेर. म्हणजे आंबटपणाचे दाणे म्हणा. बाहेर आंबट झालं का घराची भिंत सैल पडते, घर फुगते, अन् मूळ पुढे सरकते."

"अन् लाइन कोन देते त्याइले?"

खुशबू हसली, पण प्रश्नावर नाही, आनंदानं. "घरच देते. पानानं जी साखर केली, तिच्यातून. अन् खरी मजा पुढेच आहे. दुसऱ्या घरातून एक चिठ्ठी येते. प्रोटीनच्या धाग्याचा एवढासा तुकडा. त्याले पेप्टाइड हॉर्मोन म्हणतात. चिठ्ठी दाराशी पोचली का पंप मंदावते. आंबटपणा थांबते, मूळ थबकते. जमिनीत पुढे काही धोका असन, पाणी नसन, कोणाले माहीत. पण मूळ ऐकते."

"म्हंजे मुळात गावकी चालते तं."

"हाव. अन् त्या चिठ्ठीनं पंप किती थांबते, हे मोजून राह्यली मी."

त्या दिवशी एसटीच्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक झाडाच्या बुडाकडे गुणाबाई पाहत आली. तीस-पस्तीस वर्षं जे मूळ तिनं चिखलात खोचलं, ते मुकं आहे असंच तिनं धरलं होतं. आणि ही पोरगी म्हणते की त्याच्या घराघरात पंप चालतात आणि चिठ्ठ्या फिरतात. तेही नुसतं म्हणत नाही, मोजते.

मोजायची रीत अशी होती. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रातून आणलेलं बियाणं ओल्या टीपकागदावर अंधारात ठेवायचं. चौथ्या दिवशी बोटभर कोंब आणि पांढरं मूळ येई. काचेच्या दोन डिशींत खिरीसारखी पातळ जेली थिजवायची. जेलीत एक रंग मिसळलेला, जो आंबट लागला की पिवळा होतो आणि आंबटपणा गेला की जांभळा. एका डिशीत फक्त जेली. दुसऱ्या डिशीत त्या पेप्टाइडचा थेंब. प्रत्येक डिशीत दहा मुळं अलगद निजवायची आणि दोन तास वाट पाहायची. पंप जोरात चालले तर मुळाभोवती पिवळं वलय येणार. थांबले तर जांभळं. मग शेजारच्या प्राणिशास्त्रातला राजदीप डिशी स्कॅनरवर पालथ्या घालून रंगाचा आकडा काढणार. राजदीप स्वतः मासोळ्यांवर काम करायचा, पण कॉम्प्युटरचं मोजमाप त्याच्याच हातचं.

पेप्टाइडचं नाव राल्फ. परदेशातून बर्फात गुंडाळून आलेली, करंगळीच्या नखाएवढी कुपी. राजदीपनं पहिल्याच दिवशी बारसं केलं. "राल्फसाहेब आले. बाई, फ्रीजर झाडून घ्या, साहेबाले गरमी सहन होत नाई."

"चंद्रपुरात कायले आला मंग?" गुणाबाई म्हणाली होती.

पहिले चार महिने मात्र काहीच जमलं नाही. साहेब असलेली डिश जांभळी, आणि साहेब नसलेली डिशही जांभळी. खुशबू जेली बदली, रंग बदली, बियाणं बदली. प्रत्येक वेळचा प्रकार वहीत लिहून त्यावर लाल शाईची एकच आडवी रेघ मारी, अशी की खालचं अक्षर वाचता यावं. आणि शेजारी कारण लिही. गुणाबाईनं एकदा विचारलं, "चुकलेलं खोडूनच टाक ना पूरं. पाहणाऱ्याले काय वाटन?"

"खोडायचं नसते बाई. काऊन चुकलं ते लिहायचं असते. या वहीत चूक राह्यली तं चालते, खोटं राहून चालत नाई."

चौथी शिकलेल्या गुणाबाईला हे वाक्य मंदिरात टांगावं असं वाटलं. कोणाच्या घरच्या वहीत असं असतं?

मग एक दिवस भांडी धुताना तिनं खुशबूला रोप उचलताना नीट पाहिलं. चिमट्याची दोन टोकं थेट मुळाच्या मधोमध. गुणाबाईच्या हातातलं चंचुपात्र तसंच राहिलं.

"मॅडम, तू मुळाले धरून राह्यली. मूळ रुसते."

"रुसते म्हणजे?"

"रुसते म्हंजे रुसते. पानाले धर. आमची आशाबाई हाणाची मुळाले धरलं तं."

खुशबू हसली नाही. तिनं चिमटा खाली ठेवला आणि दोन दिवस कॉम्प्युटरसमोर बसून काय काय वाचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दारातच गुणाबाईला गाठलं. "बाई, तुमची आशाबाई बरोबर होती. मुळाले नुसता धक्का बसला तरी पंप थबकतात. साहेबाचा थेंब नसतानाही. मी चार महिने माह्याच चिमट्याचं माप घेऊन राह्यली होती." आणि चिमटा तिच्या हाती देत म्हणाली, "आता तुम्ही ठेवा."

गुणाबाईनं चिमटा बाजूला सारला. अंगठा आणि पहिलं बोट पाण्यात बुडवलं, कोंबाच्या पानाला धरून रोप उचललं आणि जेलीवर असं निजवलं जसं तान्ह्या लेकराला पाळण्यात ठेवावं आणि पाळण्यालाही कळू नये. एकामागून एक. तोंडानं पुटपुटणं चालूच. दोन तासांनी साहेब नसलेल्या डिशीत दहाही मुळांना हळद लागली होती. दुसऱ्या डिशीत पिकल्या जांभळाचा रस सांडलेला. खुशबू उठून टेबलाशी आली. चष्मा काढून ती डिशीवर वाकली, तेव्हा गुणाबाईला दिसलं की पोरीचे डोळे भरले आहेत.

तेव्हापासून रोपं निजवायची ती गुणाबाईनंच. एक झाली, दोन झाल्या, पाच बॅच झाल्या. दर वेळी पहिली डिश पिवळी, दुसरी जांभळी, आणि दोन्हींच्या आकड्यांत चाळिसाचा फरक. खुशबूनं पेपर लिहिला. कच्ची प्रत काढून आणली आणि बोट ठेवून दाखवलं. नावांच्या ओळीत खुशबू, तिचे सर, राजदीप, आणि शेवटी गुणाबाई मुखरू बोरकुटे.

"आभारात लिहितात लोक," राजदीप म्हणाला, "हिनं तं थेट वर नेऊन बसवलं. आता बाईच्या सहीशिवाय पेपर जात नाई."

"सही येते मले," गुणाबाई म्हणाली. "अंगठा नाई मारत." पण घरी जाताना तिनं तो कागद मागून घेतला, घडी घालून बटव्यात ठेवला, आणि हेमराजला तीनदा वाचायला लावला.

सोमवारी बाहेरची समिती येणार होती. त्यांच्यापुढं खुशबूनं काम मांडायचं आणि मग प्रबंध जमा करायचा. गुरुवारी दुपारी तिनं सराव म्हणून राजदीपला आणि गुणाबाईला समोर बसवलं. म्हणाली, मी मराठीतच सांगते, बाईला कळलं तर समितीलाही कळेल.

भिंतीवर त्या दोन डिशींचं चित्र पडलं. एक पिवळी, एक जांभळी. खुशबू काठी लावून सांगू लागली, आणि गुणाबाई ऐकत राहिली. ती पंपांबद्दल बोलत होती तेव्हा गुणाबाईच्या मनात बांधीला पाणी सुटावं तसं काहीतरी भरत गेलं. एवढी एवढी पोर, आणि डोळ्याला न दिसणाऱ्या दारातून कोण बाहेर पडतं याचा हिशेब सांगते.

"ही पहिली डिश," खुशबू म्हणाली, "ही आमची साक्षीदार. हिला आम्ही काहीच देत नाही. दुसरीला राल्फ देतो. बाकी दोन्हींत तसूभरही फरक नको. जेली तीच, उजेड तोच, आणि रोपं सारखीच. यात चांगलं तिकडे, वाईट इकडे, अशी निवड कोणी केली तर सगळा खेळ खोटा. मग जो फरक दिसेल तो राल्फचा नसेल, निवडणाऱ्याचा असेल. आमच्याकडे रोपं कोणतीही निवड न करता, येतील तशी ठेवली आहेत."

गुणाबाईनं भिंतीवरच्या पिवळ्या डिशीकडे पाहिलं.

येतील तशी. ती तर कधीच येतील तशी ठेवत नव्हती. टीपकागदावर चाळीस रोपं असत. पहिली डिश पुढं आली की तिची नजर आपोआप फिरे: हे उभंसुदं, हे जाडजूड, हे मनात भरेल असं. दहा तिकडे. मग दुसऱ्या डिशीसाठी उरलेल्यांतली दहा, आणि वाकडीतिकडी कचऱ्यात. खुशबू तेव्हा पाठमोरी, साहेबाचा थेंब मोजण्यात गुंतलेली. "सारखी रोपं घ्या बाई" असं तिनं सांगितलं होतं खरं. पण सारखी म्हणजे एकाच वाणाची, एवढंच गुणाबाईला कळलं होतं. पहिल्या डिशीला चांगलं द्यायचं असं तिनं ठरवलंही नव्हतं. कुंकू लावताना कोणतं बोट घ्यायचं हे कोणी ठरवतं का? पहिली पेंडी मायीची. पाचही वेळा तिनं मायीला पेंडी वाहिली होती, आणि खुशबू त्या पेंडीला साक्षीदार समजत होती.

जोमाचं मूळ असंही जास्त आंबट करणार. हळद त्याला असंही जास्त लागणार.

"कसं झालं बाई?" खुशबूनं विचारलं.

"चांगलं झालं माय," गुणाबाई म्हणाली. "चांगलंच झालं."

संध्याकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली. बटव्यातला कागद पोटाला टोचत होता. सांगावं तर पोरीची दोन वर्षं पाण्यात, तेही चार दिवस हाती असताना. पाहुणे दाराशी आणि चुलीवरचं अन्न करपलं असं सांगायचं. न सांगावं तर ती सोमवारी त्या लोकांपुढं उभी राहून, काठी लावून, "येतील तशी" म्हणणार. जिच्या वहीत खोटं चालत नाही तीच खोटं बोलणार, आणि तिला ठाऊकही नसणार. आणि आणखी एक भीती होती, जी गुणाबाईनं स्वतःशीही हळूच कबूल केली. सांगितल्यावर कोणी तिला परत मुळाला हात लावू देईल का? फरशी पुसायला, भांडी धुवायला तिची ना नव्हती. पण ओल्या बोटांत ते पांढरं मूळ धरायचं, निजवायचं, आणि दोन तासांनी त्याला हळद चढताना पाहायची. ते सुटलं तर रोवणी दुसऱ्यांदा सुटणार होती.

ताडाळीच्या फाट्यापर्यंत ती आशाबाईवर रागावली होती. मग तिचं तिलाच नवल वाटलं. मूळ रुसते हे सांगणारीही तीच, आणि पहिली पेंडी निवड सांगणारीही तीच. एकाच तोंडच्या दोन गोष्टी. एकीनं पोरीचा प्रयोग उभा केला, दुसरीनं वाकडा केला. बांधीत दोन्ही खऱ्या होत्या. बांधीत कुठं साक्षीदार असतो?

शुक्रवारी सहावी बॅच होती, शेवटची. गुणाबाई लवकर आली. आज निवडायचं नाही असं ठरवून तिनं डोळे मिटले आणि टीपकागदावर हात नेला. पण बोटांना डोळे होते. तीस-पस्तीस वर्षं पेंड्या हाताळलेली बोटं जाड मुळाच्या रोपाला बरोबर हुडकत होती. तिनं हात मागे घेतला. स्वतःच्या हाताची कधी नव्हे ती भीती वाटली.

मग तिला आठवलं. रोवणीच्या दिवशी मायीची पेंडी खोचली की बाकीच्या पेंड्यांचं काय करायचे? धुऱ्यावर उभा राहून गडी त्या बांधीभर भिरकावून द्यायचा. चांगली का वाईट, कोण पाहतो. जिच्या पायाशी जी पडली, ती तिची. तिनं काचेचा मोठा पसरट वाडगा पाण्यानं भरला, मोडकी रोपं तेवढी काढून बाकीची त्यात सोडली, आणि वाडगा हळूच फिरवला. रोपं फिरली, गुंफली, सुटली. जे काठाला लागलं ते पानाला धरून उचललं. एक या डिशीत, पुढचं त्या डिशीत. एक इकडे, एक तिकडे. पहिल्या डिशीत एक लुकडं रोप आलं तेव्हा तिची बोटं अडखळली. "राह्य तिथंच," ती त्याला म्हणाली. गाणं मात्र आज तोंडात आलं नाही.

दोन तासांनी डिशी उजेडात आल्या. पहिली पिवळी होती, पण साऱ्याच मुळांची हळद सारखी नव्हती. काहींना नुसतं बोट लागलं होतं. दुसरी जांभळी, पण दोन-तीन मुळांभोवती पिवळ्याची झाक.

राजदीपनं आकडा वाचला. "बावीस."

"काय बावीस?"

"फरक. दर वेळी चाळीस राह्यते, आज बावीस. राल्फसाहेब झोपले वाटते."

खुशबूनं स्कॅनर पुन्हा लावायला लावला. पुन्हा बावीस. तिनं पेन टेबलावर आपटलं, मग स्वतःच उचलून नीट ठेवलं. फ्रीजरकडे गेली, दार उघडून पाहिलं, आणि तिथंच उभी राहिली.

"काल लाइन गेली होती ना?" ती म्हणाली.

"रात्री. तीन घंटे," राजदीप म्हणाला. "वॉचमन सांगून राह्यला होता."

"मग झालं. या गरमीत तीन घंटे म्हणजे पेप्टाइड गेलंच." तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. "साहेब मेले. ही बॅच धरायची नाई. पाच चांगल्या आहेत, पाच पुरे."

"समितीनं सहावी विचारली तं?"

"वही दाखवू. कारण लिहिलं असन."

ती टेबलाशी आली, वही उघडली, आणि लाल पेनाचं टोपण काढलं. राजदीप डिशी उचलून कचऱ्याच्या डब्याकडे वळला. गुणाबाई नळाशी उभी होती, हातात तो रिकामा वाडगा.

खुशबूनं रेघ मारली. एकच, आडवी, अशी की खालचं वाचता यावं. मग शेजारच्या जागेत पेन टेकवून, सवयीनं मोठ्यानं म्हणत म्हणत, लिहायला घेतलं: "कारण. वीज गेल्यामुळे पेप्टाइड…"

दोन वर्षांत त्या वहीत किती लाल रेघा पडल्या होत्या. चिमट्याच्या, जेलीच्या, बियाण्याच्या. एकूण एक रेघेशेजारी खरं कारण होतं. हे पहिलं खोटं पडत होतं, आणि पडत होतं ते अशा हातून, ज्या हाताला ते ठाऊक नव्हतं.

"लिहू नोको," गुणाबाई म्हणाली.

पेन थांबलं. राजदीपही डब्याशी थांबला.

"डिशी ठेव रे राजदीप भाऊ, फेकू नोको." तिनं वाडगा ओट्यावर ठेवला, आणि हात लुगड्याला पुसत टेबलाशी आली. ते हात कुठं ठेवावे ते तिला कळेना, म्हणून तिनं ते वहीच्या कडेला टेकवले. "लाइनीचं कारण नाई पोरी. साहेब चांगले आहेत, पयल्या डिशीत तं साहेब नाईच, तरी तिची बी हळद उतरली. बिघडवलं ते मीनं. आज नाई, आधीच्या पाची वेळा. पयल्या डिशीले मी दरवेळी निवडून देल्लं. चांगलं चांगलं, जाडजूड, पयल्या पेंडीसारखं. अन् दुसरीले उरलंसुरलं. लहानपणापासूनची रीत आहे वो, हात आपोआपच तिकडे जाते. तू काल साक्षीदाराचं सांगितलं, तवा समजलं मले. समजलं अन् तरी मी चूप बसली, तुह्या सोमवारापायी, अन् माह्या बी हातापायी. आज पयल्यांदा मीनं निवडलं नाई. वाडग्यात सोडून फिरवलं, जे काठाले लागलं ते ठेवलं, एक इकडे, एक तिकडे. तुह्या त्या चाळिसात अर्धं माप माह्या बोटाचं आहे, माय. हे बावीस तेवढं साहेबाचं."